आखाजीला हा विषय काढा

रावेर तालुक्यातून ६८ वर्षांच्या एका ताईंनी लिहिले आहे: ‘गेल्या कार्तिकात यजमान गेले. अर्धांगाच्या झटक्यानंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर विचारायचे, काय करायचे? आम्ही एकमेकांकडे पाहत राहायचो. माझ्यावर तशी वेळ आली तर नळ्या लावू नयेत, असे लिहून ठेवायचे आहे. मुलगा म्हणतो, माय, अभद्र बोलू नको. पुण्याची लेक नुसती रडते.’

ताई, यजमानांची इच्छा कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून तेव्हा जे ठरले त्याचा भार तुम्ही सगळे अजून वाहत आहात, आणि मला वाटते, मुलगा सर्वांत जास्त. आईचे उपचार याने थांबवले, असे उद्या भाऊबंद म्हणतील, ही भीती त्याच्या बोलण्यामागे असावी. तुम्ही लिहून ठेवलेत तर तो निर्णय त्याचा उरत नाही, तुमचा राहतो, हे त्याला शांतपणे सांगा.

कायद्याने हे करता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित केले की पुरते. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे घ्या. पुढे विचार बदलला तर लेखी कळवून ते केव्हाही रद्द करता येते.

मात्र ‘नळ्या नकोत’ एवढेच लिहू नका. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटर लागतो आणि माणूस बरा होऊन घरी येतो, असेही घडते. तुम्हाला तो उपचार नाकारायचा आहे का, की बरे होण्याची आशा संपल्यावर केवळ श्वास चालू ठेवणे नको आहे, हा फरक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपाशी बसून समजून घ्या आणि तसाच कागदावर उतरवा. वेदना कमी करणारे उपचार आणि शुश्रूषा चालूच राहावी, हेही स्पष्ट लिहा. तुम्ही स्वतः बोलू शकत असाल तोवर तुमचा शब्दच चालेल. त्यानंतरही रुग्णालयातील डॉक्टरांची दोन मंडळे प्रकृती तपासतात, मगच उपचार थांबवता येतात. मुलाला हे कळले तर त्याचा जीव थोडा थाऱ्यावर येईल.

तुमच्या वतीने बोलणारी माणसे त्यात नेमायची असतात, आणि ती एकाहून अधिक चालतात. मुलाला वगळून एकट्या लेकीचे नाव घालू नका, दोघांचीही घाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येईल, यजमानांच्या नावाची घागर भरली जाईल, त्या दिवशी त्यांचा विषय घरात निघणारच. जेवणे उरकल्यावर दोघांना जवळ बसवा, आणि आधी तुमच्या इच्छेविषयी न बोलता त्या एकोणीस दिवसांविषयी बोला. मुलाला बोलू द्या. त्या दिवशी तो ‘हो’ म्हणाला नाही तरी चालेल.

कागद झाला की एकेक प्रत दोन्ही मुलांना आणि डॉक्टरांना द्या, एक ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवा, आणि तुमची प्रत कपाटात कुलूपबंद न ठेवता रक्तदाबाच्या चिठ्ठ्यांच्या फाइलमध्ये ठेवा. दवाखान्यात धावताना घरचे तीच फाइल उचलतात.