ओकावांगोला जुलैत जावं का?

प्रश्न: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बोट्स्वानात ओकावांगो नदीच्या डेल्टातल्या (त्रिभुज प्रदेशातल्या) लक्झरी कॅम्पला जायचंय, पण जुलै तिथे कोरडा म्हणतात, मग पाणी असेल का? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर: अहो, बिनधास्त जा! तिथे जुलैत पाऊस नसतो हे खरं, पण वरती अंगोलात तिथल्या उन्हाळ्यात पडलेला पाऊस नदीतून हळूहळू सरकत काही महिन्यांनी डेल्टात पोचतो, त्यामुळे साधारण जून ते ऑगस्टमध्येच पाणी सगळ्यात जास्त असतं. मोकोरोत नक्की बसा, ही अरुंद होडी मागे उभा राहून लांब काठीने ढकलतात, इंजिनाचा आवाज नाही, लव्हाळ्यावर बसलेला नखाएवढा बेडूकसुद्धा दिसतो.

डेल्टाजवळच्या माऊन गावाहून पुढे छोटं विमान असतं, त्यात कडक सुटकेस चालत नाही, मऊ बॅगच घ्या आणि वजनाची मर्यादा आधी विचारून ठेवा. पहाटे उघड्या जीपमध्ये थंडी जाम वाजते, कानटोपी हवीच. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं, हत्ती तंबूपाशी येतात, म्हणून अंधार पडल्यावर गाईडशिवाय एक पाऊलही टाकू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. शाकाहारी जेवणाचं कॅम्प बुक करतानाच कळवा, व्यवस्थित करून देतात.