दिवा लुकलुकतोय, पण आवाज नाही?

अरे, कॉम्प्युटरला जोडलेला वाजवायचा कीबोर्ड गप्प आहे म्हणून तो उचलून लगेच मेन रोडला दुरुस्तीला धावू नकोस. मिडी म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी बोलायची भाषा. तिच्या केबलमधून आवाज जातच नाही; कुठली पट्टी, किती जोरात दाबली, एवढाच निरोप जातो. म्हणून आधी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर आवाज काढणारं वाद्य लावलंय का बघ. मग मिडीचा दिवा बघ, निरोप आला की तो लुकलुकतो. तो लुकलुकतोय पण आवाजाची पातळी दाखवणारा मीटर ढिम्म, तर चॅनेल, म्हणजे निरोपाची वाट, तपास. मिडीत ते 16 असतात. कीबोर्ड 2 वर पाठवतोय आणि वाद्य 1 वर ऐकतंय, तर काहीच वाजणार नाही. गंगापूर रोडच्या माझ्या खोलीत या एका आकड्यापायी अख्खी रात्र गेली होती, फार जीव तुटला. दिवाच लागत नसेल तर गोल पाच पिनांची केबल बघ: कीबोर्डच्या आउटमधून निघून इंटरफेसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या डबीच्या, इनमध्येच गेली पाहिजे. आणि मीटर हलतोय? मग मिडी ठीक आहे, ऑडिओ आउटपुटला इंटरफेस निवड.