डोळ्यांत डोळे घालून बसवत नाही

माई, मी ५२ वर्षांची, राहणार नाशिक. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली, आता घरात आम्ही दोघंच. दिवाळीनंतर हे कुठल्याशा जोडप्यांच्या ध्यानशिबिराची माहिती घेऊन आले. तेव्हापासून पहाटे दिवा मंद करून समोरासमोर बसायचं आणि वीस मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, असा नेम सुरू झालाय. म्हणे दोघांचे मेंदू जुळतात. मला मात्र थोड्या वेळाने यांचा चेहराच बदललेला दिसतो, कधी चक्क सासऱ्यांसारखा. छातीत धडधडतं. उठले की म्हणतात, "तुझं मन साफ नाही." सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा माझं काय झालं हे यांनी कधी विचारलं नाही. नेमकं तेच तेव्हा डोक्यात येतं. आता म्हणतात, ध्यानाने बीपी उतरेल, गोळी बंद करून बघतो. माझंच चुकतंय का?
– नाव छापू नका

नाशिकच्या ताई,

आधी सासऱ्यांचं बघू. इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोव्हान्नी कापुतो यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुमच्या पहाटेसारखाच आहे. मंद उजेडात दोन-दोन माणसं समोरासमोर बसवली आणि दहा मिनिटं एकमेकांकडे टक लावायला सांगितलं. चांगली धडधाकट माणसं. बहुतेकांना समोरचा चेहरा वेडावाकडा दिसला, अनेकांना राक्षसासारखा, काहींना तर आपल्याच नात्यातल्या कुणाचा. कमी उजेडात नजर एका जागी खिळली की चेहऱ्याचे बारकावे पुसट होत जातात आणि मेंदू पदरचं घालून चित्र पुरं करतो. मुलात बापाचा तोंडवळा असतोच, त्यामुळे तुमच्या मेंदूला फार लांब जावं लागलं नाही. धडधडीचंही नवल नाही. कुणी रोखून बघितलं की शरीर सावध होतं, तळहाताला बारीकसा घाम सुटतो, तो यंत्रावर मोजताही येतो. यात मनाच्या साफपणाचा काडीचा संबंध नाही. (शिबिरात हे सांगत नाहीत, कारण फी भरलेली असते.)

मात्र यजमान सगळंच हवेतलं बोलतात असंही नाही. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया झिंगर यांच्या गटाने तीनशेच्या वर निरोगी माणसांवर नऊ महिन्यांचा अभ्यास केला. त्यात श्वासावर लक्ष ठेवण्याचं एकट्याचं ध्यान होतं, तसा जोडीने करायचा सरावही होता. नंतर त्यांना परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी वजाबाक्या करायला लावल्या. कुठलाही सराव केलेला असो, ताण कमी वाटल्याचंच सांगण्यात आलं. पण ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल खरोखर कमी वाढलं ते दुसऱ्याच्या भावना आणि विचार समजून घेण्याचा सराव करणाऱ्यांत, आणि तेही ५१ टक्क्यांपर्यंत. हे २०१७ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी मेंदूच्या सालीची जाडी मोजून त्यांनी दाखवलं की ज्या प्रकारचा सराव, त्याच्याशी निगडित भागात बदल.

आता तिथली जोडी काय करायची ते ऐका. दिवसातून दहा मिनिटं, बहुतेकदा आपापल्या घरून फोनवर. एकाने पाच मिनिटं बोलायचं: कालच्या दिवसातला एक त्रासाचा प्रसंग, एक कृतज्ञ वाटायला लावणारा, आणि तेव्हा अंगात कुठे काय जाणवलं. दुसऱ्याने नुसतं ऐकायचं. सल्ला नाही, "अगं पण" नाही. मग अदलाबदल. टक लावून बसण्याचा नेम यात नाही. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडीदार दर आठवड्याला बदलायचा. समोरचा माणूस परका असे, त्याच्याशी जुना हिशेब नसे. लग्नाच्या जोडीला हा सराव जशाच्या तसा लागू पडेल असं म्हणूनच मी म्हणणार नाही.

तुमचा हिशेब तर मोठा आहे. सासूबाईंची चार वर्षं या दहा मिनिटांत काढूच नका. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यानेच डोळे मिटून गप्प ऐकून घेतलं आणि घड्याळ वाजल्यावर चहा मागितला, तर जखम अजून चिघळेल. तिथे उत्तर हवं. एखाद्या रविवारी जेवणं आटोपल्यावर टीव्ही बंद करा आणि सरळ सांगा, "आईंचं सगळं मी केलं, रात्री-अपरात्री चादरी बदलल्या. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला त्यावर तुमच्याकडून ऐकायचंय." बोलताना रडू आलं तर येऊ द्या. ते टाळत राहिले किंवा बोलणं भांडणावरच जाऊ लागलं, तर समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा.

पहाटेचा नेम आज थांबवा. पुढे दोघांना वाटलंच तर संध्याकाळी गॅलरीत शेजारी शेजारी बसून ती दहा मिनिटं करून बघा, विषय कालच्या दिवसापुरता. भाजीवाल्याशी झालेली हुज्जत, मुलीचा आलेला फोन, एवढंच. नाही रुचलं तर सोडून द्या, एकेकट्याने बसा.

गोळीचं मात्र थांबून चालणार नाही. ज्या लाइपझिगच्या अभ्यासात कॉर्टिसॉल कमी वाढलं, त्याच अभ्यासात हृदयाच्या कामाशी निगडित मोजमापांवर कुठल्याच सरावाचा परिणाम दिसला नाही, आणि ती माणसं मुळात निरोगी होती. बीपीची गोळी मनाने बंद केली तर बीपी एकदम वर जाऊ शकतं. डॉक्टरांची वेळ घ्या, आठवडाभराचे सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून न्या आणि बरोबर तुम्हीही जा, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते घरी आल्यावर बदलणार नाही.

– माई