तिकिटामागची ती ओळ

'प्रवासात इजा झाल्यास कंपनी जबाबदार नाही' असं तिकिटामागे छापलेलं असेल तर दावाच करता येत नाही का, असं तुम्ही विचारलंय. वाहतूक करारांचं काम करतो म्हणून सांगतो, नुसत्या त्या ओळीवर कंपनी सहसा सुटत नाही.

तिकीट काढलं की करार झाला. त्यात न छापलेलं एक कलम असतंच, प्रवाशाला सांभाळून नेण्याचं. आता सांभाळायचं म्हणजे किती, यावर देशोदेशी एकमत नाही. १८६९ च्या एका इंग्रजी खटल्यात रेल्वेच्या चाकाची धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) तुटली होती. दोष आतला, कितीही तपासलं तरी न दिसणारा. कोर्ट म्हणालं, कंपनीने काळजी घेण्याचा शब्द दिलाय, सुरक्षिततेची हमी नाही. प्रवासी हरला.

फ्रान्समध्ये १९११ साली उलटं झालं, आणि ते मला जास्त आवडतं. ट्युनिसहून अल्जीरियातल्या बोनला जाणाऱ्या जहाजावर नीट न रचलेलं पिंप एका प्रवाशाच्या पायावर आलं. तिकिटावर लिहिलेलं, वाद फक्त मार्सेयच्या कोर्टात. कंपनीने तीच ओळ धरली: हा कराराचा मामला आहे. कोर्टाने ते मान्य केलं, आणि वर म्हटलं की मग प्रवाशाला धडधाकट मुक्कामी पोचवणं हेही करारातच आलं! असा नियम असला की चूक कोणाची हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. सुटायचं असेल तर बाहेरचं, टाळता न येणारं कारण कंपनीने दाखवायचं.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागतो. जबाबदारी झटकणारं कलम तिथे सरळ रद्दबातल. २०२४ अखेरपासून १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक) सिद्ध नुकसानीला 'आमची चूक नव्हती' हे उत्तर चालत नाही. तुमचाच निष्काळजीपणा असेल तर मात्र रक्कम कापली जाते. पण इजा 'अपघाता'नेच झालेली हवी. विमान उतरताना हवेच्या नेहमीच्या दाबाने एका बाईंचा कान बहिरा झाला, तर १९८५ मध्ये, आधीच्या वॉर्सा करारातल्या याच शब्दावर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला अपघात मानलं नाही. दाव्याची मुदत दोन वर्षं, ती चुकली की हक्क संपला.

तुमची बस होती की विमान, ते लिहिलं नाहीत. काहीही असो, तिकीट जपून ठेवा, डॉक्टरच्या पहिल्या कागदावर इजा कशी झाली ते लिहून घ्या, आणि किरकोळ रक्कम हातावर ठेवून 'आता तक्रार नाही' असा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नका.