हात बघणारं कुणी आहे का?

मुंबई, रविवार रात्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली जाहिरात बघितली. 'घरबसल्या सहा महिन्यांत पॅरामेडिक व्हा', शेजारी निळ्या गणवेशातला हसरा मुलगा आणि खाली लाल अक्षरांत 'मर्यादित जागा'. ऑनलाइन कोर्सच्या जागा मर्यादित कशा असतात, हे मला अजून उमगलेलं नाही. असो. 'काका, पैसे भरू का?' एवढंच विचारलंस. 'नको' लिहून मोकळा झालो असतो, पण तुझी अडचण मला ठाऊक आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ मेडिकलच्या दुकानात उभं राहायचं, भांडुपच्या चढावरच्या खोलीत जाऊन पाणी भरायचं, त्यातून रोज कॉलेज गाठायचं कधी? फोनवर शिकता आलं तर हवंच आहे ते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या शब्दाचा घोळ. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हणजे लॅबवाला, एक्स-रेवाला, ओटीतला टेक्निशियन, डायलिसिसवाला असे सगळेच. 'पॅरामेडिक' म्हणजे रुग्णवाहिकेच्या गाडीतून पेशंटपर्यंत जाणारा, त्याला वाटेत सांभाळून कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, सोपवणारा. जाहिरातवाले हे दोन शब्द मुद्दाम एकमेकांत मिसळतात. तुझी जाहिरात नीट वाच. वर 'पॅरामेडिक' आहे, खाली बारीक टायपात 'पॅरामेडिकल असिस्टंट प्रमाणपत्र' आहे. ते घेऊन तू कुणाच्या तरी दवाखान्यात केसपेपर लिहीत बसशील. त्यात कमीपणा नाही, पण तुला ते करायचं नाहीये.

दुसरं, कायदा. २०२१ साली केंद्राने 'सहायक आणि आरोग्यसेवा व्यावसायिक' यांच्यासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे आपलं काम, त्याच्या यादीत आहे. या कायद्यात सहायक व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २००० तास सांगितलेत, दोन ते चार वर्षांत पसरलेले. सहा महिने रोज तासभर व्हिडिओ बघितलेस तर होतात १८० तास. हिशेब तूच कर. शिवाय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम ऑनलाइन आणि दूरस्थ पद्धतीने चालवायला विद्यापीठांना मनाई केली आहे. तेव्हा कुणी 'युनिव्हर्सिटीची ऑनलाइन पदवी' म्हणत असेल तर त्याला हे विचार आणि तो विषय कसा बदलतो ते बघ.

पण कायद्यात बसत नाही म्हणून वाईट, असं म्हणून मी सुटणार नाही. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला एका पोराने शिकवला.

करोनात सगळे वर्ग पडद्यावर गेले होते. त्या बॅचमधला एक मुलगा नंतर आमच्या गाडीवर आला. हुशार. ईसीजीची पट्टी माझ्यापेक्षा भरभर वाचायचा, औषधांचे डोस तोंडपाठ. मी मनातून थोडा वरमलोच होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लालबागच्या बाजूला एका चाळीतला कॉल आला. तिसरा मजला, लाकडी जिना, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी गॅलरी आणि ती भरलेली. आत साधारण पन्नाशीचे गृहस्थ जमिनीवर. नाडी लागत होती, पण श्वास घरघरत, मध्येच थांबत. मी त्याला म्हटलं, अंबू घे.

त्याने अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, घेतली, तिचा मास्क पेशंटच्या तोंडावर ठेवला आणि दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबला. बॅग दाबली की गालाच्या बाजूने फुस्स. पुन्हा दाबली, पुन्हा फुस्स. छाती हलेना. तो घाबरला आणि अख्खी बॅग पिळायला लागला. मोठ्यांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते, माणसाला एका वेळी लागते अर्धा लिटर किंवा जरा जास्त. बाकीची पोटात जाते आणि मग उलटी. ही सगळी माहिती त्याला होती. सकाळीच विचारलं असतं तर आकड्यांसकट सांगितली असती.

मी त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. करंगळी जबड्याच्या कोपऱ्याखाली, मधली दोन हाडाच्या कडेला, अंगठा आणि तर्जनी मास्कवर. आणि जबडा वर ओढला. मास्क तोंडावर दाबायचा नसतो गं, तोंड उचलून मास्कमध्ये आणायचं असतं. फुस्स बंद झालं. 'आता हळू, तिसरा हिस्साच दाब.' छाती उचलली. मनात सहा मोजायचे, मग पुढचा श्वास. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. पुढे कधी त्याचा मास्क गळलेला मी पाहिला नाही.

(त्या गृहस्थांचं पुढे काय झालं, ते माहीत नाही. आपल्याला बहुधा कळतच नाही. याचीही सवय करावी लागते.)

या पोराला कुणी वाईट शिकवलं नव्हतं. व्हिडिओत जबडा उचलूनच दाखवतात. पण व्हिडिओ त्याला दिसत होता, व्हिडिओला तो दिसत नव्हता. अंगठे चुकीचे पडतायत हे सांगणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. माझा आक्षेप फोनवर शिकण्याला नाही, एकट्याने शिकण्याला आहे.

आता मी फार शहाणा होतो अशातला भाग नाही. माझी गोष्ट ऐक. नवा होतो तेव्हाची. मध्य रेल्वेच्या एका स्टेशनाबाहेर एक माणूस फुटपाथवर, घामाने भिजलेला, बरळत होता, जवळ जाईल त्याला ढकलत होता. लोक म्हणाले, बेवडा आहे. मीही नाक मुरडलं, त्याला गाडीत टाकला आणि दारू प्यायलेला म्हणूनच कॅज्युअल्टीत सांगितला. तिथल्या सिस्टरने एक शब्द न बोलता त्याचं बोट टोचलं. शुगर ३८. सत्तरच्या खाली गेली की कमी, आणि याची ३८. ग्लुकोमीटर माझ्याही पेटीत होता. महिन्याभरापूर्वी लेखी परीक्षेत 'शुगर उतरलेला रुग्ण मद्यपीसारखा वाटू शकतो' हे वाक्य मीच लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. सिस्टरने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याने मी जे शिकलो, ते त्या मार्कांनी शिकलो नव्हतो. तेव्हापासून बरळणारा कुणीही दिसो, आधी बोट टोचायचं.

फोनवर काय शिकायचं ते सांगतो, कारण पुष्कळ शिकता येतं आणि तू ते सोडू नकोस. शरीररचना, हृदयाचा ताल, औषधं. तू मराठी माध्यमातली. वर्गात सर इंग्रजीत भराभर बोलून जातात, हात वर करायची लाज वाटते. फोनवर एकच वाक्य दहा वेळा मागे नेऊन ऐकता येतं, त्याची कुणाला लाज नाही. औषधांची नावं तर तुला दुकानामुळे निम्मी येतातच. हिशेबही फोनवर पक्के होतात. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर सोडला तर किती वेळ पुरेल? अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर? असे हिशेब लोकलमध्ये उभ्या उभ्या कर.

सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला श्वास देण्याचे, आकडेही फोनवर पाठ होतील. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांना दोन श्वास. पण पाच सेंटिमीटर म्हणजे तुझ्या तळहाताला किती, हे फोन कसा सांगणार? पहिल्यांदा करणारी बहुतेक मुलं तीन-साडेतीनवर थांबतात, समोरच्याला लागेल या भीतीने. किंवा दाबतात नीट आणि छातीवर रेलून राहतात, तिला परत वर येऊच देत नाहीत. दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि आपला दाब उथळ झालाय हे करणाऱ्याला कळत नाही, बाजूच्याला कळतं. म्हणून तर १९६० साली नॉर्वेतल्या अस्मुंड लेर्दाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून माणसाएवढी बाहुली बनवली. आजही अमेरिकन हार्ट असोसिएशनचा कोर्स घेतलास तर वाचायचा भाग ऑनलाइन करता येतो, पण कार्ड मिळायला डमीवर हात चालवून दाखवावे लागतात. आणि ते कार्डसुद्धा दोनच वर्षं चालतं. दोन वर्षांत हात विसरतात हे त्यांनाही माहीत आहे.

गाडीतल्या काही गोष्टी तर कुठल्याच पडद्यावर नाहीत. धावत्या गाडीत बीपी घ्यायला स्टेथो लावलास की कानात फक्त इंजिन आणि एलबीएस रोडचे खड्डे. मग मनगटावर नाडी धरायची, दंडावरचा बीपीचा पट्टा फुगवायचा, हळूहळू सोडायचा, नाडी परत लागली तो वरचा आकडा. खालचा मिळत नाही, नाही मिळाला तर नाही. पेशंटला जिन्यावरून उतरवताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला, आणि खालच्या माणसाने मागे न बघता पायाने पायरी चाचपायची. नातेवाईक विचारतात, 'जिवंत आहे ना हो?' तेव्हा काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही. कॅज्युअल्टीत डॉक्टर तीन पेशंटमध्ये अडकलेला असतो, त्याला अर्ध्या मिनिटात सगळं सांगायचं. हे मोठ्याने बोलून बोलूनच येतं.

तुझी आत्या म्हणाली म्हणे, 'पोरीला स्ट्रेचर झेपेल का?' स्ट्रेचर कंबरेने उचलणाऱ्या पहिलवानांची पाठ गेलेली मी पाहिलीय. गुडघ्यातून उचललं तर झेपतं. आत्याला सांग.

एक मात्र खरं, वर्ग भरतो म्हणून शिकवणं होतं असंही नाही. साठ मुलांमागे एक डमी आणि तिचीही स्प्रिंग गेलेली, अशी जागा मी पाहून आलोय. तिथे सर पुढे उभे राहून करून दाखवायचे आणि मुलं बाकावरून बघायची. तो व्हिडिओच झाला की, वर लोकलचं भाडं जास्त. म्हणून कोर्स ऑनलाइन आहे की ऑफलाइन, यावरून ठरवू नकोस. जिथे जाशील तिथे विचार, माझे हात कोण बघणार, किती वेळा, आणि चुकले तर परत करायला लावणार का. कुठल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ड्यूटी मिळणार, किती तास, कुणाच्या हाताखाली, हे लेखी माग. 'आमचं टायअप आहे' एवढ्यावर गप्प बसू नकोस. त्या हॉस्पिटलात जा आणि सिस्टरना विचार, इथे अमुक संस्थेची मुलं येतात का? सिस्टर खोटं बोलत नाहीत, त्यांना वेळच नसतो. नोंदणी कुठल्या कौन्सिलकडे होणार, तेही विचार.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. आपल्या राज्यात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक, आणि त्या गाडीत पायलटबरोबर, म्हणजे ड्रायव्हरबरोबर, डॉक्टर ठेवायची पद्धत पडली. त्यामुळे तुझ्यासारख्यांना जागा जास्त करून खासगी हॉस्पिटलांच्या आणि कंपन्यांच्या गाड्यांवर. पगार सुरुवातीला दुकानापेक्षा फार वेगळा नसेल. रात्रपाळी नक्की असेल. हे ऐकूनही करायचं असेल तर कर. मला वाटतं तू करशील, कारण दुकानात आलेल्या त्या चक्कर येणाऱ्या आजींना तू आधी खाली बसवलंस आणि मग गिऱ्हाईक बघितलंस. तुझ्या आईनेच सांगितलं.

माझं म्हणणं असं. यंदा घाई नको. यंदा फोनवर शरीररचना आणि प्रथमोपचार पक्के कर, फुकट जे चांगलं मिळतं त्यावर, आणि पुढच्या जूनला हजेरीच्या कोर्सला अर्ज कर. दुकानाच्या शेठशी अर्ध्या दिवसाचं मी बोलतो, माणूस कडक आहे पण ऐकेल. तोवर दर रविवारी सकाळी सातला आमच्याकडे ये. आमची दोन-तीन पोरं तेव्हा गाडीची पेटी तपासतात, सिलिंडर बघतात, जुन्या डमीवर सराव करतात. चप्पल नको, बंद बूट घाल. अंबू तुझ्या हातात देतो, बघू मास्क कसा धरतेस.

तुझा,
काका

ता. क. जाहिरातवाल्याचा आज परत फोन येईल, 'सीट बुक करायला फक्त दोन हजार' म्हणेल. त्याला विचार, प्रॅक्टिकल कुठल्या पत्त्यावर होतं? पत्ता दिला तर मला पाठव, मी स्वतः जाऊन बघून येतो.