कंपवात, लकवा आणि 'पाय चिकटतात'

चोपड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: "आबांना डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. गावात सगळे 'लकव्याचाच प्रकार' म्हणतात. पुतण्या म्हणतो, मराठीत याला कंपवात म्हणतात. पण आबांचा हात तर कापतच नाही! यातला कोणता शब्द बरोबर? आणि आबा 'पाय चिकटतस' म्हणतात, ते डॉक्टरांना कसं सांगायचं?"

आधी लकवा बाजूला काढू, कारण इथे चुकीच्या शब्दाने नुकसान होऊ शकतं. शब्द मूळ अरबी. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं हा त्याचा युनानी वैद्यकातला अर्थ. आपल्याकडे तो पसरला आणि अंगाच्या अख्ख्या बाजूला लागू झाला. 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात तेही हेच. मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो आणि मिनिटांत माणूस आडवा होतो. पार्किन्सन्स असा येत नाही. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं कमी होत जातात आणि हालचाल मंदावते. ताकद असते, पण हालचाल सुरू व्हायला वेळ लागतो, अंग ताठरतं. उद्या आबांचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात गळाला, बोबडी वळली, तर 'त्यांना लकवा आहेच' म्हणून कोणी घरी थांबू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

ही सरमिसळ फक्त आपल्याकडची नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली सहा रुग्णांवरून या आजाराचं वर्णन लिहिलं आणि त्याला 'शेकिंग पाल्सी' म्हटलं, म्हणजे थरथरता लकवाच. पुढे फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी दाखवलं की यात खरा लुळेपणा नसतो आणि प्रत्येक रुग्णाला कंपही नसतो. म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचंच नाव दिलं. तुमची शंका नेमकी शार्को यांची आहे.

आता कंपवात. आयुर्वेदात कंपाला 'वेपथु' असाही शब्द आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन अंगाला सुटलेल्या कापऱ्याबद्दल तोच वापरतो. कंपवात मराठीत रुळलेला आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण तो आजाराच्या एकाच खुणेवर बोट ठेवतो. दहातल्या दोन-तीन रुग्णांना सुरुवातीला कंप नसतोच. दुसरी अडचण 'वात' या भागाची. आमवात, संधिवात यांच्या रांगेत बसवून लोक त्याला सांध्यांचं दुखणं समजतात, खांदा आखडला म्हणून महिनोन्महिने तेल चोळत बसतात आणि मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला उशीर होतो. म्हणून आबांच्या बाबतीत मी पार्किन्सन्स हाच शब्द वापरेन.

जाता जाता: 'हात कापस' मधलं कापणं आणि विळ्याने कापणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. थरथरण्याचं कापणं संस्कृत कंप् वरून आलं, म्हणून पूर्वी ते 'कांपणें' असं लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही सारखे दिसू लागले. कापण्यातही फरक पाहावा लागतो. मांडीवर हात निवांत ठेवलेला असताना, बहुधा एकाच बाजूचा, अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखं हलणं ही पार्किन्सन्सची खूण. कपबशी उचलतानाच हात थरथरत असेल तर ते बऱ्याचदा वेगळं दुखणं असतं. नुसतं 'हात कापतो' न म्हणता केव्हा कापतो ते सांगावं.

कंपाखेरीज इतकं काही होत असतं आणि त्याला घरोघरी शब्दही असतात, फक्त ते शब्द स्वभावाचे असतात, आजाराचे नाहीत. 'आबा घुमे झाले', 'तोंड पाडून बसतात': चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे भाव उमटत नाहीत, आत राग नसतो. 'पुटपुटतात': आवाजच बारीक होतो. अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळत नाही. 'झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात', 'फोडणीचा वास येत नाही', 'पोट साफ होत नाही' हे तर हालचाल मंदावण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेलं असू शकतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, मन खचणं हेही त्यातच. हे वयामुळे आहे असं गृहीत धरून गप्प बसू नका. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत.

आणि 'पाय चिकटतस'. डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात. कोणी 'गोठणे' असा प्रतिशब्द करतं, पण आबांचा शब्द जास्त नेमका आहे: चालता चालता, वळताना, दाराच्या चौकटीत पाऊल जमिनीला चिकटतं आणि वरचं अंग मात्र पुढे जातं. तसाच सांगा. अशा वेळी पाठून ढकलू नये, हात ओढू नये. थांबावं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावं, 'एक, दोन' मोजावं किंवा समोरच्या फरशीची रेघ ओलांडायची असं ठरवून पाऊल उचलावं. दाराशी रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या तर पुष्कळांना फायदा होतो.

लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत डोपामिन भरून काढणारी, गोळी चालू असेल तर आणखी दोन शब्द लागतील. गोळीनंतर पाय 'सुटतात' कधी आणि गुण 'उतरतो' कधी, हे चार-पाच दिवस घड्याळ पाहून वहीत लिहा. डॉक्टर मात्रा आणि वेळा त्यावरूनच बसवतात. गोळी जेवणाच्या अर्धा-एक तास आधी घेतलेली बरी. उडदाची डाळ, कळण्याची भाकरी यांतलं प्रथिन सोबत गेलं तर काहींना तिचा असर कमी जाणवतो. जेवण सोडायचं नाही, वेळ बदलायची. गोळी मनाने एकदम बंद करू नये. उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करवरचं सिनारिझिन यांनी ही लक्षणं वाढू शकतात, तेव्हा गावच्या दवाखान्यातही आबांना पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा. खाजकुहिलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपाच असतं. त्याचं चूर्ण कोणी सुचवलं तर गोळीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.