आंतरराष्ट्रीय संघटनेतला ऑक्युपेशनल हेल्थ डॉक्टर नेमकं काय करतो?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएस झालंय, एएफआयएच (कारखान्यातल्या डॉक्टरांसाठीचा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम) चालू आहे आणि पुढे संयुक्त राष्ट्रांसारख्या संघटनेत जायचं मनात आहे. तिथे ओपीडी असते की नुसत्या फायली, आणि शिरकाव कसा होतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी आधी एका केमिकल कारखान्यात फॅक्टरी मेडिकल ऑफिसर होते, नंतर अशाच एका संघटनेच्या वैद्यकीय विभागात जिनिव्हात आणि पूर्व आफ्रिकेत काम केलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ओपीडी ठिकाणावर अवलंबून असते. जिनिव्हा, व्हिएन्ना, न्यूयॉर्कमध्ये शहरातच चांगली रुग्णालयं आहेत, त्यामुळे उपचार फारसे करावे लागत नाहीत. दक्षिण सुदानमधल्या जुबात किंवा सोमालियातल्या मोगादिशूमध्ये मलेरियापासून टाके घालण्यापर्यंत सगळं संघटनेच्या दवाखान्यातच होतं. पण मूळ काम दोन्हीकडे एकच. या माणसाला हे काम, या जागी, झेपेल का आणि ते काम त्याला आजारी तर पाडणार नाही ना, हे ठरवायचं आणि खाली सही करायची.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. हिशेब विभागातला एक जण, चाळिशीतला, टाइप-१ मधुमेह, इन्सुलिनवर, साखर उत्तम ताब्यात. त्याची बदली जुबाला ठरली. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरने ‘प्रकृती ठीक’ असं पत्र दिलं, आणि ते बरोबरच होतं. माझ्यापुढचे प्रश्न निराळे होते. राहायच्या जागी फ्रीज चोवीस तास चालतो, की जनरेटर रात्री बंद करतात? वापरात असलेलं इन्सुलिन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण खोली तीस अंशांच्या आत असेल तरच. जुबात मार्चमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो. मध्यरात्री साखर उतरून तो बेशुद्ध पडला तर ग्लुकॅगॉनचं (साखर झटकन वाढवणारं) इंजेक्शन द्यायला शेजारच्या खोलीत कुणाला येतं का? रात्री संचारबंदी असेल तर गाडी निघते का? लॉजिस्टिक्सवाल्यांना, सुरक्षा अधिकाऱ्याला, तिथल्या नर्सला फोन करकरून उत्तरं मिळवली आणि लिहिलं: जुबा शहरात काम करू शकेल, पावसाळ्यात रस्ता बंद होतो अशा ठाण्यांवर मुक्काम नको, इन्सुलिनचा साठा दोन वेगळ्या जागी ठेवावा. याला मेडिकल क्लिअरन्स म्हणतात. ‘अनफिट’ लिहून हात झटकणं सोपं असतं, पण त्याने माणसाची बढती आणि उमेद दोन्ही जातात.

त्यानंतर त्याच्या वरिष्ठांचा फोन आला, ‘डॉक्टर, त्याला नेमकं झालंय काय?’ हेतू वाईट नव्हता. तरी उत्तर एवढंच द्यायचं असतं, की त्याला अमुक ठिकाणी मुक्कामी पाठवू नका, बाकी सगळं काम तो करेल. निदान सांगायचं नाही. मनुष्यबळ विभागाकडे फक्त निष्कर्ष जातो: फिट, अनफिट किंवा अटींसह फिट. फाइल वैद्यकीय विभागाच्या कुलपात राहते. आपल्याकडे कित्येक कारखान्यांत वार्षिक तपासणीचे रिपोर्ट सरळ एचआरच्या टेबलावर जातात. तुम्हाला ती सवय लागली असेल तर आत्ताच मोडा.

आता या पदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी अभ्यासक्रमात कुणी सांगत नाही. कारखान्यात माझ्या पाठीशी १९४८ चा फॅक्टरी कायदा होता. फॅक्टरी इन्स्पेक्टर होता, सर्टिफाइंग सर्जन, म्हणजे कामगारांची तपासणी करणारा सरकारने नेमलेला डॉक्टर, होता. मी सॉल्व्हंटच्या वाफांबद्दल लिहिलेलं व्यवस्थापनाने दाबलं असतं, तरी उद्या बाहेरचा कुणी येऊन विचारेल हा धाक होता. संयुक्त राष्ट्रांना मात्र १९४६ च्या करारानुसार यजमान देशाच्या अंमलापासून संरक्षण आहे. तिथल्या कामगार खात्याचा इन्स्पेक्टर परवानगीशिवाय आवारात पाऊल ठेवू शकत नाही. हे संरक्षण हवंच, नाहीतर तपासणीच्या नावाखाली कुठलंही सरकार आत शिरेल. पण त्यामुळे कामगाराच्या आरोग्यासाठी दार ठोठावणारा बाहेरचा कुणी उरत नाही. कर्मचारी संघ असतो, अंतर्गत न्यायाधिकरणं असतात, पण न्यायाधिकरणाची पाळी नुकसान झाल्यावर येते. त्याआधी बोलायचं काम डॉक्टरचं. तो वरिष्ठांना दबला, तर संपलंच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८५ चा १६१ क्रमांकाचा करार या बाबतीत स्पष्ट आहे. व्यावसायिक आरोग्यसेवेतल्या लोकांना मालक आणि कामगार दोघांपासूनही पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य हवं. शिवाय गैरहजेरीचं कारण खरं की खोटं हे तपासायला मालकाने त्यांना सांगू नये, असंही त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात संयुक्त राष्ट्रांत लांबलेली सिक लीव्ह मंजूर करणं हे वैद्यकीय विभागाचंच काम आहे. मला हे कधीच पटलं नाही. सकाळी ज्याची रजा तुम्ही नाकारली, तो दुपारी झोप उडाल्याचं सांगायला तुमच्याकडे का येईल?

बाकी कामाचा आवाका मोठा आहे. कार्यालयात पाठ, डोळे, ताण. दुभाष्यांच्या कानांकडे मुद्दाम लक्ष द्या. २०२० नंतर ऑनलाइन सभा वाढल्या तशा खराब आवाजामुळे त्यांच्या तक्रारीही वाढल्या. क्षेत्रीय कामात रस्ते अपघात हा फार मोठा धोका, म्हणून चालकांची नजर, झोप आणि ड्युटीचे तास बघावे लागतात. शांतिसेनेत जखमींसाठी १०-१-२ चा नियम आहे: दहा मिनिटांत प्रथमोपचार, तासाभरात प्रगत उपचार, दोन तासांत जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. काँगोतल्या गोमा इथलं शांतिसेनेचं रुग्णालय आपल्या लष्कराच्या डॉक्टरांनी चालवलं, त्यामुळे भारतीय डॉक्टरांना या जगात ओळख आहे.

आणि एचआयव्हीसाठीचं पीईपी किट, म्हणजे संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यावर तो टाळायला घ्यायची औषधं. सुई टोचली किंवा लैंगिक अत्याचार झाला तर ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हावं लागतं, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस चालतं. किट प्रत्येक केंद्रावर असतं. पण ते कुठल्या कपाटात आहे, चावी कुणाकडे आहे, तो माणूस रजेवर गेला तर दुसरी चावी कुणाकडे, औषधाची मुदत कधी संपते, आणि सांगायला आलेल्या बाईचं नाव वायरलेसवर कुणी उच्चारणार तर नाही ना, हे दौऱ्यावर गेल्या गेल्या तपासायचं. मी इतर सगळ्या कामांआधी हे करायचे.

शिरकावाबद्दल. सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचं किंवा इतर मान्य संस्थेचं एएफआयएच हा पाया चांगला आहे, पण तीन महिन्यांच्या त्या प्रमाणपत्राला बाहेर वजन कमी. पुढे ऑक्युपेशनल मेडिसिनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्या. तोवर कारखान्यात नोकरी करा आणि केबिनमध्ये बसून राहू नका, शॉप फ्लोअरवर रोज फेरी मारा. आणीबाणीतल्या उपचारांचा हात हवा, म्हणून वर्षभर तरी कॅज्युअल्टीत काढा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून, म्हणजे यूएनव्हीमधून, मोहिमांवर डॉक्टर घेतात. थेट मोठ्या पदासाठी अर्ज करत बसण्यापेक्षा हा रस्ता बरा. आणि फ्रेंच आत्ताच सुरू करा. डाकारपासून किन्शासापर्यंत चालक, पहारेकरी, सफाई कामगार तुमच्याशी फ्रेंचमध्येच बोलणार, आणि सगळ्यात जास्त जोखीम त्यांच्याच कामात असते.